काळ्या चौकटीतला मुताफोव

नेद्याल्कामावशीने एकतीस वर्षं नऊ नंबरची ट्रॉलीबस चालवली. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी तिचा आवाज अजून मायक्रोफोनमधूनच येतो. सकाळी तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून ती "कचऱ्याची गाडी आली!" असं ओरडली, की आठव्या मजल्यावरच्या माझ्या खिडकीची काच थरथरते. हे मी गमतीने सांगत नाही. मी लिफ्टचा मेकॅनिक आहे, कंप कुठून येतो ते शोधणं माझं कामच आहे.

आमची लिपोवा वस्ती डॅन्यूब नदीपासून वीस मिनिटांवर आहे. सगळ्या इमारती एकसारख्या, आठ मजल्यांच्या. चौदा नंबरच्या इमारतीत, बी विंगमध्ये आम्ही राहतो. गुन्हे, पोलीस आणि शेजारपाजार या विषयांवर मावशीची मतं अख्ख्या वस्तीला पाठ आहेत, पण ती कोणी लिहून घेतलेली नव्हती. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात नगरपालिकेची एक मुलगी प्रश्नावली घेऊन आली आणि तेही झालं. मावशी अंगणातल्या अक्रोडाखाली मिरच्या भाजत बसली होती. त्या महिन्यात आमच्याकडे सगळेच मिरच्या भाजतात, वर्षभराच्या बरण्या भरायच्या असतात.

"रात्री घराबाहेर तुम्हाला किती सुरक्षित वाटतं? एक ते पाचमध्ये सांगा," मुलगी म्हणाली.

"बाहेर म्हणजे कुठे गं?"

"म्हणजे... एकंदर बाहेर."

"औषधाच्या दुकानापर्यंत पाच. तिथून शाळेच्या कोपऱ्यापर्यंत दिवा नाही, तिथे दोन. गॅरेजांच्या मागे मी जातच नाही. शून्य आहे का तुझ्याकडे?"

"शून्य नाहीये, मावशी."

"मग छापून आणा."

मुलीने खाली मान घालून काहीतरी लिहिलं. "रात्री बाकावर बसणाऱ्या तरुण मुलांचा त्रास होतो का?"

"सूर्यफुलाच्या बिया खातात आणि सालं टाकतात. तो गुन्हा नाही, ती घाण आहे. दोन्हींचे रकाने वेगळे ठेव."

"कॅमेरे वाढवावेत असं वाटतं?"

"आमच्या विंगला दोन आहेत. जूनमध्ये दाफिनाबाईंना लुबाडलं ते दोघांनीही पाहिलं. चित्र अगदी स्वच्छ. टोपीवाला माणूस येतो, पिशवी उचलतो, जातो. कॅमेरा बघतो गं, पण ओळखत नाही."

"पोलिसांवर तुमचा विश्वास किती आहे?"

"कुठल्या पोलिसावर? नाव सांग."

"सर्वसाधारणपणे."

"सर्वसाधारण पोलीस मी अजून पाहिलेला नाही," मावशी चिमट्याने मिरची उलटवत म्हणाली. "आमचा एक होता, मिंचो मुताफोव. त्याला चार. एक गुण कापला, कारण तो बोलताना शब्द गिळतो. पण त्याला आमच्याकडून नेला. लिही, 'परत पाहिजे.' आणि पेन्सिलने लिहू नकोस."

हा मिंचो मुताफोव आमच्या वस्तीचा पोलीस. आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर त्याची एक छोटी खोली होती. टेबल, दोन खुर्च्या, दारावर नावाची पाटी. कोणाची सायकल गेली, कोणाचा नवरा दंगा करतो, कोणाच्या कुत्र्याने कोणाला धरलं, सगळं तिथे. बारा मार्चला त्याची बदली बाहेरच्या वळणरस्त्यावर वाहतूक विभागात झाली आणि खोलीला कुलूप लागलं. पाटी तशीच राहिली.

जूनमध्ये सहाव्या मजल्यावरच्या दाफिनाबाईंना फोन आला. मी पोलीस अधिकारी बोलतोय, चोरांकडे यादी सापडली आहे, यादीत तुमचं नाव आहे, घरातलं सोनं पिशवीत घालून बाल्कनीतून खाली टाका, आमचा माणूस सांभाळून ठेवेल, फोन मात्र ठेवू नका. बाईंनी आईची सोन्याच्या नाण्यांची माळ टाकली. या बाई म्हणजे चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या बाई. अर्ध्या वस्तीने पाढे त्यांच्याकडून शिकले. त्या दिवसापासून त्यांनी उंबरा ओलांडला नाही. दार वाजलं तरी उघडत नसत. मावशी दाराबाहेर भाजी ठेवायची आणि ओरडायची, "मी आहे गं! मीच! गेल्यावर घे!"

मावशीचं म्हणणं असं होतं, की चूक दाफिनाबाईंची नव्हतीच. "मिंचो खोलीत असता तर त्यांच्या कानात त्याचा आवाज बसलेला असता. फोनवर दुसरा कोणी 'मी पोलीस' म्हणाला असता, तर त्या म्हणाल्या असत्या, गप रे, आमचा पोलीस असा बोलत नाही. आता काय, पोलीस म्हणजे कुठलाही आवाज. त्यांनी दार उघडायला हवं असेल, तर दाराबाहेर ओळखीचा आवाज हवा." आणि तिने ठरवलं होतं, मिंचोला परत आणायचंच. सतरा तारखेला, गुरुवारी, वाचनालयाच्या सभागृहात ठाण्याचे प्रमुख रहिवाशांना भेटायला येणार होते. त्याआधी काहीतरी असं करायचं, की साहेबांना मान वळवावीच लागेल.

बारा सप्टेंबरला कुलपाला सहा महिने पूर्ण होत होते. आमच्याकडे माणूस गेला की काळ्या चौकटीचा, फोटोचा कागद दारावर, झाडावर, बसथांब्यावर लागतो. चाळीस दिवसांनी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा, वर्षाने पुन्हा. मावशीच्या डोक्यात वीज चमकली. मी तिच्याबरोबर कोपऱ्यावरच्या सावाच्या छपाईच्या दुकानात गेलो होतो, लिफ्टच्या नियमांची पाटी छापायला, म्हणून मला सगळं माहीत आहे.

"मजकूर चार नंबरचा की सात नंबरचा?" सावाने संगणकावरून नजर न काढता विचारलं. "सातमध्ये कबुतर आहे."

"माझा मजकूर माझ्याकडे आहे. हा घे फोटो."

सावाने फोटो पाहिला. "अरेरे. हा तर मिंचो! कशाने गेला?"

"बदलीने."

"हल्ली तरुण माणसंच जातात," सावा हळहळला आणि टाइप करू लागला.

कागद असा होता. वर फोटो, खाली मोठ्या अक्षरांत 'मिंचो मुताफोव' आणि 'सहा महिने'. त्याखाली बारीक अक्षरांत: 'बारा मार्चला तो आमच्यातून गेला आणि त्याच्या खोलीला कुलूप लागलं. चोर सुखात आहेत. आम्ही आमच्या पोलिसाशिवाय पोरके आहोत. ज्यांनी त्याला वाहतुकीत नेलं, त्यांना आम्ही विसरणार नाही. लिपोव्याचे शोकाकुल रहिवासी.' मावशी वाचून इतकी खूश झाली की तिने सावाला भाजलेल्या मिरच्यांची बरणी दिली. शनिवारी सकाळी तिने चाळीस कागद स्वतःच्या हाताने लावले. लोक हसतील, गुरुवारी साहेबांसमोर फडकवतील, असा हिशेब.

कोणी हसलं नाही. काळ्या चौकटीतलं बारीक अक्षर आमच्याकडे कोणीच वाचत नाही. फोटो बघायचा, नाव बघायचं, महिने बघायचे, "देव त्याला क्षमा करो" म्हणायचं आणि ब्रेड आणायला जायचं. रविवारी संध्याकाळपर्यंत तळमजल्याच्या कुलूपबंद दारापाशी फुलांचे तीन गुच्छ आणि एक मेणबत्ती!

सोमवारी सकाळी मी तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबवून दाराचे रोलर बदलत होतो. जिन्यात जड बूट वाजले. वर बघतो तर खुद्द मिंचो मुताफोव, वाहतुकीच्या पिवळ्या जाकिटात, लालबुंद. त्याने मावशीची बेल दाबली ती दाबूनच ठेवली.

"मावशी, मी मेलोय का?"

"अजून नाही. पण धाप बघता फार लांब नाहीस. पाणी घे."

"पाणी नको! माझी आई काळा रुमाल बांधून गावाहून बसने निघाली होती. सकाळपासून अकरा जणांनी तिला सांत्वनाचे फोन केले. मी फोन केला तर म्हणते, कोण बोलतंय? म्हटलं, मिंचो. तर बाईने बसमध्येच किंकाळी फोडली! ड्रायव्हरने बस थांबवली!"

"ड्रायव्हरने बरोबर केलं," मावशी म्हणाली. ती जरा वरमली होती, पण आवाज काही खाली आला नाही. "अरे, खालचं वाचलं नाहीस का? स्वच्छ लिहिलंय, वाहतुकीत नेलं म्हणून."

"खालचं कोण वाचतं, मावशी?"

"मी लिहिलं ना, वाचायला काय जातं?"

तेवढ्यात वरच्या मजल्यावर दार आपटलं आणि सपातांचा फटफट आवाज खाली येऊ लागला. मी जिन्यात सरकलो आणि माझ्या समोरून दाफिनाबाई गेल्या! तीन महिन्यांनी! केस मोकळे, ऍप्रनला साखर लागलेली, चेहरा पांढराफटक.

"नेद्याल्का! नेद्याल्का गं! मेलेल्या माणसाचा फोन आलाय! तो मुताफोव! तो म्हणतो मी इन्स्पेक्टर मुताफोव बोलतोय, आणि तो गेल्याचं शेजारणीने दाराबाहेरून सांगितलं म्हणून मी इकडे त्याच्या नावाचे गहू उकडतेय! म्हटलं, अहो तुम्ही तर सहा महिन्यांपूर्वी..." आणि मग त्यांना दारातला मिंचो दिसला. त्या जिन्याच्या पायरीवर मटकन बसल्या. "देवा. फोनवर पण आणि इथे पण."

काय झालंय ते सगळ्यांत आधी मिंचोच्या लक्षात आलं. त्याचा राग एका क्षणात उतरला. "बाई, फोन ठेवलात का?"

"नाही. टेबलावर टाकला आणि पळाले."

"चला वर!"

आम्ही चौघे वर पळालो. एकदा फसलेल्या घरी ही टोळी पुन्हा फोन करते, असं मिंचोने पळता पळता सांगितलं. नाव त्यांनी तळमजल्याच्या पाटीवरूनच घेतलं असणार. दाफिनाबाईंच्या स्वयंपाकघरात गव्हाचं पातेलं निवत होतं, वर साखर आणि अक्रोड. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाने असे गहू वाटतात. टेबलावर रिसीव्हर पडला होता आणि त्यातून बारीक आवाज येत होता. "हॅलो? मॅडम? फोन ठेवू नका, कारवाई चालू आहे. मॅडम?"

मिंचोने बाईंकडे पाहिलं. बोलायला त्यांनाच लागणार होतं. त्या रिसीव्हरला हात लावेनात, म्हणून मावशीने तो धरून त्यांच्या कानाला लावला आणि दुसऱ्या हाताने मिंचोचा पट्टा धरून ठेवला, नाहीतर त्याने फोन हिसकावलाच असता.

"हं... माफ करा, इन्स्पेक्टर," दाफिनाबाई म्हणाल्या. "गॅसवर गहू होते."

"तुम्ही आत्ता काय म्हणालात? मी वारलो वगैरे?"

बाईंनी डोळे मिटले.

"दुसरा मिंचो. आमच्या इमारतीत फार मिंचो होते. तुम्ही सांगा, काय करायचं?"

"घरात अजून सोनं आहे?"

"आहे ना. सासूबाईंचं." आणि इथे त्यांचा आवाज बदलला. शाळेत फळ्याकडे तोंड करूनही कोण बोलतंय ते ओळखणारा आवाज. "पण सावकाश सांगा हं. मी लिहून घेते."

"लिहायचं नाही, मॅडम."

"लिहिल्याशिवाय माझ्या डोक्यात राहत नाही. पिशवी कापडाची की प्लॅस्टिकची? कापडाची. बरं. कुठल्या बाल्कनीतून? मागच्या की पुढच्या? मागच्या. आणि आपलं पूर्ण नाव पुन्हा एकदा?"

"इन्स्पेक्टर मिंचो मुताफोव."

खऱ्या मिंचोचे कान लाल झाले. मावशीने पट्टा आणखी घट्ट धरला. बाईंनी हाताने पातेल्याकडे खूण केली. मी कापडी पिशवी धरली, त्यांनी फोनवर "हो, हो, गाठ मारतेय" म्हणत सगळे गहू त्यात ओतायला लावले. चांगली जड झाली.

मिंचो दाराकडे धावला. "लिफ्ट!"

"बंद आहे," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी जन्मभर विसरणार नाही. सहा मजले तो पायांनी उतरला.

बाईंनी पिशवी टाकली. खाली गवतावर धप्प आवाज झाला. गॅरेजांच्या मागून एक माणूस आला. पन्नाशीचा, पट्ट्यांचा इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, बँकेत कामाला असावा तसा. त्याने पिशवी उचलली, हातावर तोलली आणि समाधानाने वळला. त्याच क्षणी माझ्या कानाशेजारी नऊ नंबरची ट्रॉलीबस सुरू झाली.

"पट्ट्यांचा शर्ट! पिशवीवाला! अडवा गं त्याला! गॅरेजकडून बंद करा!"

अक्रोडाखाली सहा बायका मिरच्या भाजत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही, विचारलं नाही, सरळ चिमटे घेऊन उठल्या. माणूस पळायला लागला, समोर एक चिमटा, वळला, समोर दुसरा. पिशवी चिमट्याला अडकून टर्रकन फाटली, साखरेतले गहू सगळीकडे सांडले, त्यांच्यावरून त्याचा चकचकीत बूट सरकला आणि तो बसला तो मिरच्यांच्या टोपलीत. सांडलेले गहू बघून एक बाई सवयीने म्हणालीसुद्धा, "देव त्याला क्षमा करो."

तेवढ्यात मिंचो बाहेर आला. त्याला नाव सांगायलाही दम उरला नव्हता. त्याने नुसता हात वर केला.

"मी फक्त पार्सल घेतो हो!" पट्ट्यांच्या शर्टवाला ओरडला. "तुम्ही कोण?"

"मुताफोव!" बायका एका सुरात म्हणाल्या. मग एकमेकींकडे बघू लागल्या. "पण हा तर वारला ना?"

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत वस्तीत दुसरा विषय नव्हता. मिंचोची आईही पोचली, तिने मुलाच्या दोन्ही गालांवर मुके घेतले, मावशीला पंधरा मिनिटं शिव्या दिल्या आणि मग तिच्याकडेच जेवली. पण मंगळवारी सकाळी मावशी भाजी घेऊन सहाव्या मजल्यावर गेली तेव्हा दार पुन्हा आतून बंद. "पिशवी नेणारा सापडला," बाई आतून म्हणाल्या. "आवाज नाही सापडला, नेद्याल्का. तो अजून कुठेतरी बसलाय आणि त्याला माझा नंबर पाठ आहे."

गुरुवारी वाचनालयात बसायला जागा नव्हती. ठाण्याचे प्रमुख उंच, थकलेले गृहस्थ होते. त्यांच्या हातात काळ्या चौकटीचा कागद होता.

"हे कोणी केलं ते मला माहीत आहे," ते म्हणाले. "जिवंत अधिकाऱ्याची अशी जाहिरात करणं याला हुल्लडबाजी म्हणतात."

मावशी उठली. "लेखी ताकीद द्या. सही करते. माझ्या सेवापुस्तकात एकही नव्हती, आता होऊ दे. पण साहेब, खालचं वाचलंत का?"

"वाचलं."

"मग वाचणारे तुम्ही पहिले. आता ऐका. मी गस्तीची गाडी मागत नाही. गाडी येते, काचा वर असतात, जाते. कॅमेरा मागत नाही. मला आवाज पाहिजे. आमच्या म्हाताऱ्यांना पोलिसाचा आवाज ओळखता यायला हवा. नाहीतर कोणीही उठतो, तुमच्या पाटीवरचं नाव वाचतो आणि पोलीस होतो. आम्ही पाटी वाचून फसतो, तुम्ही ती काढत नाही आणि माणूसही देत नाही."

टाळ्या पडल्या. साहेबांनी हात वर केला. "माणसं नाहीत, बाई. मी खोटं बोलत नाही."

"वळणरस्त्याच्या कोपऱ्यावर मिंचो दिवसभर हात हलवतो. तिथे सिग्नल लावा. थांब आणि जा, एवढं सिग्नललाही जमतं. दार वाजवणं जमत नाही."

साहेब हसले, मग हसू आवरायचा प्रयत्न केला, जमलं नाही. पुढच्या रांगेतल्या मिंचोने बुटांकडे पाहिलं. "आठवड्यातून दोन दिवस," साहेब म्हणाले. "मंगळवार, शुक्रवार. दुपारी चार ते सहा."

"चार ते सात," मावशी म्हणाली. "आणि खोलीत बसायचं नाही. पहिले दोन आठवडे दारोदार जायचं, नाव सांगायचं."

"साडेसहा."

"चालेल."

पुढच्या मंगळवारी चार वाजता तळमजल्याचं कुलूप निघालं. मावशीने खोली पुसून ठेवली होती, पण मिंचोला तिथे बसू दिलं नाही. रहिवाशांची यादी तिच्या हातात, ताकिदीचा कागद घडी करून ऍप्रनच्या खिशात. लिफ्ट चालू होती, तरी मी मुद्दाम त्यांच्या मागे जिना चढलो. मला बघायचंच होतं. पहिल्या मजल्यापासून प्रत्येक दार. "मी मिंचो मुताफोव, तुमचा पोलीस. मी कधीही सोनं मागणार नाही." कोणी हसलं, कोणी कॉफी दिली, कोणी कुत्र्याची तक्रार केली. सहाव्या मजल्यापर्यंत यायला त्याला दोन तास लागले.

दाफिनाबाईंचं दार. बेल. आतून सपातांचा आवाज दारापर्यंत आला.

"कोण?"

"मिंचो मुताफोव, बाई. पोलीस."

"आणखी एकदा म्हणा."

त्याने म्हटलं.

"एवढ्या मोठ्याने नाही. फोनवर बोलतात तसं, हळू."

मिंचो दाराला जवळजवळ तोंड लावून उभा राहिला. मावशीने आयुष्यात पहिल्यांदा काही न बोलता ओठ मिटून घेतले. त्याने हळू, कोणालातरी गुपित सांगावं तसं म्हटलं, "मिंचो मुताफोव."

आतून पेन्सिल कागदावर घासल्याचा आवाज आला. नक्की पेन्सिलच.

"तुम्ही शेवटचा 'व' गिळता," बाई म्हणाल्या. "तो दुसरा नीट म्हणत होता, पाठ केल्यासारखा. एवढं मला पुरे." साखळी निघाली, कडी निघाली आणि दार पूर्ण उघडलं. "आत या. पाय पुसा."